सोलापूरच्या धावपट्टीवरून जंबो उडेल का? टेकऑफचा हिशेब कोणी समजावून सांगेल का?

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड
रविवार, रात्री 11:20

मंडळी, नमस्कार. आपला एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माल कंटेनरमध्ये भरून न्हावाशेवाला, पुढं बोटीनं. विमानाशी आपला संबंध तिकिटापुरता. पण आज पार्क चौकात चहा पिताना वाद निघाला तो काही मिटेना, म्हणून इथं टाकतोय.

मित्राचं म्हणणं असं. 2013 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत विचिटा इथं एक बोइंग 747, तेही साधं नव्हे, विमानाचे सुटे भाग न्यायला पोट फुगवून बनवलेलं ‘ड्रीमलिफ्टर’, रात्री भलत्याच विमानतळावर उतरलं. जायचं होतं मॅककॉनेल हवाई तळावर, उतरलं जबारा नावाच्या लहान विमानतळावर. तिथली धावपट्टी 6,101 फूट, म्हणजे 1,860 मीटर. आता हे धूड इथंच अडकलं असं सगळे म्हणत होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते उडून गेलंसुद्धा.

आता मित्राचा सवाल. आपल्या होटगी रोडच्या विमानतळाची धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जबारापेक्षा लांबच. विमानांच्या वाटेत येणारी कुमठ्याच्या साखर कारखान्याची चिमणीही जून 2023 मध्ये पाडून झाली. मग इथून टॉवेल भरून जंबो थेट दुबईला का जाऊ नये? ही सगळी नियमांची भानगड आहे, दुसरं काही नाही, असं तो म्हणतो.

मला पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. किती धावपट्टी लागणार हे नेमकं कोण ठरवतं आणि कसं? पायलट नजरेनं ठरवतो का? हुरडा पार्टीची पैज लागलीय, जाणकारांनी जरा मनावर घ्यावं.

सात_रस्ता
रविवार, रात्री 11:48

मालक, बोरामणीचा मोठा विमानतळ माळढोकाच्या प्रश्नात अडकला तो अडकलाच, आणि तुम्ही होटगी रोडवर जंबो आणताय! हुरड्याला मात्र आम्हाला बोलवा.

लोडशीट_निवृत्त
सोमवार, सकाळी 7:05

टॉवेलवाले मालक, विषय माझ्या पोटापाण्याचा निघाला, म्हणून सविस्तर लिहितो. मुंबई आणि पुणे मिळून सगळी नोकरी लोड कंट्रोल आणि डिस्पॅचमध्ये काढली. विमानात काय, किती आणि कुठं भरायचं, आणि ते भरून ते उडेल का, हे कागदावर मांडणारा माणूस. आता जुळे सोलापुरात निवांत आहे. कंपनीचं नाव विचारू नका.

तुमचा प्रश्न उलटा आहे. ‘ह्या धावपट्टीवरून हे विमान उडेल का’ असं आमच्याकडं कोणी विचारत नाही. आमचा प्रश्न असतो : आज, ह्या उन्हात, ह्या वाऱ्यात, ह्या धावपट्टीवरून ह्या विमानाला किती वजन नेता येईल? उत्तर हो-नाहीत येत नाही, टनांत येतं. कधीकधी ते उत्तर इतकं कमी येतं की तेवढ्यासाठी विमान आणण्यात अर्थ नसतो, तो भाग वेगळा.

मित्राची गोष्ट खरी आहे, फक्त त्यानं त्यातला एकच आकडा उचलला. ड्रीमलिफ्टरला जास्तीत जास्त 364 टनांनी उडायची परवानगी आहे. जबाराहून त्याला जायचं होतं त्याच शहरातल्या मॅककॉनेलला. त्यासाठी किती इंधन लागतं? टाक्या भरायचं कारणच नव्हतं. शिवाय कॅन्ससमधला नोव्हेंबर. गंमत म्हणजे जबाराची उंची समुद्रसपाटीपासून 1,421 फूट आणि आपल्या विमानतळाचीही दीड हजारांच्या आसपास. म्हणजे लांबी जवळपास तीच, उंचीही तीच. उरलं वजन आणि हवा. तेच विमान कंठोकंठ भरून मे महिन्यात दुपारी दोन वाजता होटगी रोडला उभं करा आणि मग मित्राला विचारा.

आता ‘कोण ठरवतं’. विमान बनवणारी कंपनी चाचण्या घेऊन फ्लाइट मॅन्युअल देते. त्यावरून विमान कंपनीचे परफॉर्मन्स इंजिनिअर एकेका धावपट्टीचा हिशेब मांडतात. आज पायलट टॅब्लेटवर आकडे भरतो आणि उत्तर येतं. आमच्या वेळी कागद असायचा, धावपट्टीच्या प्रत्येक दिशेला एक. आरटीओडब्ल्यू चार्ट म्हणायचो, म्हणजे त्या धावपट्टीवरून किती वजन चालेल त्याचा तक्ता. डावीकडं वरून खाली तापमान, माथ्यावर वारा : मागून दहा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर), शून्य, समोरून दहा, समोरून वीस. बोट तापमानावर ठेवायचं, वाऱ्याच्या रकान्यापर्यंत सरकवायचं. त्या चौकटीत टनांचा आकडा, खाली तीन वेग, आणि वजनाशेजारी दोन बारीक अंक. नवीन पोरं ते अंक बघायचीच नाहीत. एअरबसच्या कागदावर 3 म्हणजे धावपट्टीनं अडवलं, 2 म्हणजे चढाईनं, 4 म्हणजे समोरच्या अडथळ्यानं, 5 टायरनं, 6 ब्रेकनं. माझ्या मते अख्ख्या कागदात वाचण्यासारखे तेवढेच दोन अंक. तुमचा मित्र फक्त 3 बद्दल बोलतोय.

आधी 3 च घेऊ. विमान जमीन सोडेपर्यंत जेवढं धावतं तेवढी धावपट्टी पुरे, असं लोकांना वाटतं. तसं नाही. तीन अंतरं काढतात. एक, सगळी इंजिनं चालू असताना सुटल्यापासून 35 फूट वर येईपर्यंत लागणारं अंतर, आणि त्यावर आणखी 15 टक्के. दुसरं, ऐन वेगात एक इंजिन बंद पडलं, तरी उडायचं ठरवलं आणि उरलेल्या इंजिनांवर 35 फूट गाठले, तर लागणारं. तिसरं, तिथंच बेत सोडून ब्रेक दाबले तर पूर्ण थांबेपर्यंतचं. तिन्हीत जे मोठं ते उपलब्ध जागेत बसलं पाहिजे. बसत नसेल तर वजन उतरवायचं. धावपट्टीपुढं मोकळी जागा किंवा थांबण्यापुरती पक्की पट्टी असेल तर थोडी सूट मिळते, त्यात आत्ता शिरत नाही.

पुढं जायचं की थांबायचं ह्याचा काटा म्हणजे व्ही-वन हा वेग. बिघाड झाला तर त्या वेगाला पोचेपर्यंत थांबण्याची पहिली कृती सुरू झालेलीच असली पाहिजे. त्यानंतर विचार करत बसायला जागा नसते. म्हणून ‘व्ही-वन’ची हाक आली की कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्यावरचा, हात काढून घेतो. कॉकपिटच्या मागच्या खुर्चीत बसून मी हे बघितलंय. हात तिथंच राहिला तर मागं ओढायचा मोह होईल म्हणून.

जड विमानाचं दुखणं दोन्हीकडून असतं. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बघा, सुटायलाही वेळ आणि थांबायलाही. वजन वाढलं की वेग घ्यायला जास्त अंतर लागतं, उडायला मुळात वेगच जास्त लागतो आणि तो वेग मारायला ब्रेक जास्त तापवावे लागतात. प्रमाणपत्राच्या चाचणीत ब्रेक झिजलेले घेतात, रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे थांबायला लावायचा इंजिनाचा उलटा जोर, वापरत नाहीत, आणि विमान थांबल्यावर पाच मिनिटं अग्निशमन दलाला हात लावू देत नाहीत. चाकं लालबुंद होतात.

वाऱ्याचा हिशेबही मला फार आवडायचा. समोरचा वारा फायद्याचा, पण कागदावर त्याचा निम्माच धरायचा. मागचा तोट्याचा, तो दीडपट धरायचा. ज्यानं हा नियम केला त्यानं उधारीचा धंदा केलेला असणार.

आता चिमणीकडं. कुमठ्याची चिमणी 90 मीटर होती. ‘एवढी मोठी विमानं, चिमणीवरून जायला काय होतंय’ असं तेव्हा निम्मं सोलापूर म्हणत होतं. चारही इंजिनं, नाहीतर दोन्ही, धडधाकट असतील तर विमान बाणासारखं वर जातं, खरं आहे. पण हिशेब एक इंजिन बंद धरून करायचा असतो. दोन इंजिनांच्या विमानाला चाकं आत घेतल्यावर एका इंजिनावर किमान 2.4 टक्के चढता आलं पाहिजे. त्यातून 0.8 टक्के सावधगिरी म्हणून वजा. उरले 1.6. म्हणजे शंभर मीटर पुढं गेलं की वर फक्त एक मीटर साठ सेंटिमीटर. आणि ह्या कमी केलेल्या रेषेनंसुद्धा अडथळ्याच्या 35 फूट वरून जायचं. आता 90 मीटर ह्या 1.6 नं भागा. साडेपाच किलोमीटरच्या वर येतात. चिमणी त्याच्या अलीकडं, ऐन वाटेत असेल तर एकतर वजन कमी करा किंवा इंजिन बंद पडल्यावर वळून जायचा वेगळा मार्ग आखा. धावपट्टी कितीही लांब केली तरी कागदावर अंक येणार 4.

फिजिक्सच्या_बाई
सोमवार, दुपारी 2:31

काका, फार छान. हवेचा भाग मी मांडू का? बारावीला दरवर्षी शिकवते, पण पोरांना एवढं जिवंत उदाहरण कधी मिळत नाही.

समुद्रसपाटीला 15 अंश ही विमानशास्त्रातली प्रमाण हवा. दर हजार फुटांना साधारण दोन अंश उतरतात, म्हणजे आपल्या दीड हजार फुटांना प्रमाण तापमान 12. मेमध्ये दुपारी 42 असलं की प्रमाणापेक्षा 30 अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला सुमारे 120 फूट ह्या ठोकताळ्यानं विमानाला आपलं होटगी रोड दीड हजार नव्हे, पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. घनता काढली तर प्रमाण हवेत दर घनमीटरला 1.225 किलो, आपल्याकडं त्या दुपारी 1.06 च्या आसपास. 13 टक्के हवा गायब.

कॉकपिटमधला वेगाचा काटा हवेच्या दाबावर चालतो. 150 नॉट दाखवेल तेव्हा विमान प्रत्यक्षात 161 नॉटनं धावत असेल, कारण पातळ हवेत तेवढंच उचलबळ मिळवायला जास्त पळावं लागतं. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे एवढ्यानंच साडेपंधरा टक्के वाढ. इंजिन ढिलं पडतं ते आणखी वेगळं. बरोबर ना, काका?

आता एक कच्चं गणित, मंडळींनी वहीत करून बघावं. समजा एक जड विमान सरासरी 1.8 मीटर प्रति सेकंद वर्ग अशा त्वरणानं वेग घेतं आणि ब्रेकनं 3 नं कमी करतं. व्ही-वन 145 नॉट, म्हणजे त्या हवेत खरे 156, म्हणजे सेकंदाला 80 मीटर. तिथपर्यंत पोचायला सुमारे 1,790 मीटर. ओळखून हालचाल करायला दोन सेकंद धरा, 160 मीटर. थांबायला 1,070. बेरीज 3,020 मीटर. म्हणजे ज्या विमानाची नुसती धाव दोन किलोमीटरात बसेल असं वाटतं, त्याला सुरक्षित टेकऑफसाठी तीन किलोमीटर लागले.

उलटं करू. जागा 2,000 मीटरच आहे, तर व्ही-वन किती चालेल? वर्गसमीकरण सोडवलं की 65 मीटर प्रति सेकंद, काट्यावर 117 नॉट. उचलबळ वेगाच्या वर्गावर, म्हणून 117 भागिले 145 चा वर्ग, 0.65. वजनाचा तिसरा हिस्सा उतरवा!

लोडशीट_निवृत्त
सोमवार, दुपारी 4:10

बाई, पोरं नशीबवान आहेत. एक दुरुस्ती नाही, भर घालतो. वजन उतरलं की त्वरणही सुधारतं, त्यामुळं तिसरा हिस्सा पुरा उतरवावा लागणार नाही. पण दिशा तीच.

इंजिनाचं म्हणाल तर बहुतेक जेट इंजिनं समुद्रसपाटीला साधारण 30 अंशांपर्यंत पूर्ण जोर देतात. त्यापुढं आतलं तापमान आवाक्यात ठेवायला जोर कमी करावा लागतो. म्हणजे मेमध्ये हवा पातळ आणि इंजिनही अशक्त, दोन्ही एकदमच.

फ्लॅपचाही, म्हणजे पंखामागून बाहेर काढायच्या झडपांचाही, घोळ असतो. फ्लॅप जास्त काढले की कमी वेगात उडता येतं, धावपट्टी वाचते, पण तेच फ्लॅप वर जाताना मागं ओढतात आणि चढाई बिघडते. 3 सोडवायला गेलं की 2 अडवतो. तापलेल्या, आखूड आणि समोर काहीतरी उभं असलेल्या धावपट्टीवर हे तिन्ही अंक एकमेकांच्या तंगड्यात तंगड्या घालतात. मधला मार्ग काढायला तासन्तास जायचे, आता टॅब्लेट दोन सेकंदांत काढतो.

मालकांच्या दुबईबद्दल. वजन मारतं ते बहुतेक वेळा माल नव्हे, इंधन. लंडन सिटी विमानतळाची धावपट्टी 1,508 मीटर. तिथून ब्रिटिश एअरवेज 2009 पासून न्यूयॉर्कला जायची, एअरबस 318 मध्ये अवघ्या 32 खुर्च्या टाकून. तरी अटलांटिक ओलांडण्याइतकं इंधन घेऊन लंडनहून उडता यायचं नाही. आयर्लंडमध्ये शॅननला उतरायचे, टाक्या भरायचे, मग पुढं. तुम्हीही सोलापूरहून हलकं उडून हैदराबादला इंधन भरू शकता. मग ‘थेट’ कुठं राहिलं, आणि ट्रकनं हैदराबादला माल नेणं काय वाईट?

जंबोचं तर सोडूनच द्या. 64 मीटर पंख, धावपट्टीची रुंदी, पृष्ठभागाची ताकद, वळायला जागा, अग्निशमनाच्या गाड्या. आमच्या कागदापर्यंत विषय यायच्या आतच फाइल बंद होईल.

रेल्वे_लाइन्स
सोमवार, रात्री 9:02

सगळं मान्य, पण एक पटत नाही. आजची इंजिनं ऐन टेकऑफला बंद पडतात तरी कधी? लाखांत एखादं. त्या एकासाठी रोज माणसं आणि माल खाली ठेवायचा? सरकारी घाबरटपणा वाटतो. थोडी रिस्क घेतल्याशिवाय सोलापूर पुढं कसं जाणार?

लोडशीट_निवृत्त
सोमवार, रात्री 10:15

रेल्वे लाइन्सवाले, तुम्हाला आपल्याच महाराष्ट्रातलं सांगतो. 26 एप्रिल 1993, भर दुपार. तेव्हाच्या औरंगाबादहून इंडियन एअरलाइन्सचं 491, बोइंग 737, मुंबईला निघालं. 118 माणसं. दोन्ही इंजिनं व्यवस्थित. नाक उचलायला उशीर झाला आणि उचलायची पद्धतही चुकली. धावपट्टी संपली तेव्हा विमान जेमतेम जमीन सोडत होतं, आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. डाव्या बाजूचं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग त्या गाठींवर आदळला. पुढं काही किलोमीटरवर विमान उच्च दाबाच्या तारांत गेलं आणि शेतात कोसळलं. 55 माणसं गेली. चौकशीत पायलटच्या चुकीबरोबरच, विमानाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखली नाही ह्यावरही बोट ठेवलं गेलं.

ह्यात इंजिन कुठं बंद पडलं? कुठंच नाही. हिशेबात जी जागा इंजिनासाठी राखून ठेवतात, ती प्रत्यक्षात उशिरा उचललेल्या नाकाला, झिजलेल्या टायरला, अचानक फिरलेल्या वाऱ्याला उपयोगी पडते. ती आधीच माल भरून खाऊन टाकली तर मग बीड रस्त्यावर ट्रक असू नये एवढीच प्रार्थना.

दुसरं, आणि हे मला इंजिन बंद पडण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटायचं. हिशेब बरोबर, नियम बरोबर, टॅब्लेट बरोबर, आणि आत टाकलेलं वजन चूक. 20 मार्च 2009, मेलबर्न. एमिरेट्सचं एअरबस 340. खरं वजन 362.9 टन, भरलं गेलं 262.9. एक अंक. आता होतं काय, की वजन कमी आणि धावपट्टी मुबलक असली तर इंजिन पूर्ण जोरात चालवत नाहीत. इंजिनाचं आयुष्य वाढावं म्हणून बाहेर ऊन जास्त आहे असं खोटंच गृहीत धरून कमी जोर लावतात. ही पद्धत रोजची आणि सुरक्षित आहे, फक्त वजन खरं हवं. इथं शंभर टन कमी धरल्यामुळं जोरही कमी आणि उचलायचा वेगही कमी निघाला. नाक उचललं, विमान उठेना, शेपूट धावपट्टीवर घासली. कॅप्टननं शेवटी पूर्ण जोर लावला आणि धावपट्टी ओलांडून गेल्यावर कसंबसं उडालं. पुढच्या दिव्यांना आणि अँटेनांना धडकून. सगळे वाचले.

हॅलिफॅक्सला, कॅनडात, 14 ऑक्टोबर 2004 ला एमके एअरलाइन्सच्या मालवाहू 747 चं नशीब एवढं नव्हतं. आधीच्या विमानतळावरचं वजन हिशेबात तसंच राहिलं होतं. सातही कर्मचारी गेले. ते विमान जंबोच होतं, मालक, आणि धावपट्टी होटगी रोडपेक्षा लांब होती.

म्हणून आता दोन्ही पायलट आपापल्या टॅब्लेटवर वेगवेगळा हिशेब करतात आणि मग ताडून बघतात. एकानं करून दुसऱ्यानं मान डोलावायची नाही.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड
सोमवार, रात्री 10:50

बाप रे. अंगावर काटा आला. काका, एक विचारू? वजन चुकतं कसं? आमच्याकडं तर एका टॉवेलचेही ग्रॅम मोजतो.

लोडशीट_निवृत्त
मंगळवार, सकाळी 6:40

प्रवासी मोजत नाहीत हो, धरतात. प्रौढ माणूस हातसामानासकट 75 किलो, लहान मूल 35, असं आम्ही धरायचो. वर चेक-इनची बॅग 15 किलो. म्हणजे अकरा प्रवासी उतरवले की साधारण टन सुटतो. लग्नाच्या मोसमात नागपूर नाहीतर राजकोटला जाणारं अख्खं वऱ्हाड विमानात असलं, की मी 75 वर विश्वास ठेवायचो नाही. पण कागदावर तेच लिहायचं.

मालाचं वजन मोजतात, पण कधी मोजलं हे महत्त्वाचं. जुलैत ट्रॉलीवर ताडपत्री नसली आणि माल तासभर पावसात राहिला की पुठ्ठा पाणी पितो. मी अशा वेळी परत काट्यावर चढवायला लावायचो आणि रॅम्पवरची पोरं शिव्या द्यायची. तुमचा माल तर टॉवेल! पाणी पिण्यासाठीच बनवलेला. सोलापूरहून कधी विमानानं माल निघालाच, तर काट्याजवळ मला बसवा.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड
मंगळवार, सकाळी 9:15

नक्की बसवू. 😄 आता पैजेचं काय सांगू? जानेवारीत पहाटे सहाला उडालं तर?

फिजिक्सच्या_बाई
मंगळवार, सकाळी 9:40

16 अंशांना आपल्याकडची हवा घनमीटरला 1.156 किलो. मेच्या दुपारपेक्षा नऊ टक्के दाट. काट्यावर 150 असताना खरा वेग 161 च्या ऐवजी 154. इंजिनही पूर्ण जोरात. लेहची विमानं सकाळीच का असतात आणि जुलै 2024 मध्ये तिथली उड्डाणं उन्हामुळं का रद्द झाली, त्याचं उत्तर ह्यातच आहे.

लोडशीट_निवृत्त
मंगळवार, सकाळी 10:05

पैजेचा निकाल : मित्र म्हणाला ‘टॉवेल भरून’ आणि ‘थेट दुबई’. हरला. नुसतं ‘उडेल का’ म्हणाला असता तर जानेवारीत, रिकामं, दोन घोट इंधनावर, कागदावर तरी त्याला तोंड होतं.

सात_रस्ता
मंगळवार, सकाळी 11:30

काका, जाता जाता. मेमध्ये एका विमानात टेकऑफच्या आधी एसीचा आवाज बंद झाला आणि वर गेल्यावर परत सुरू झाला. घामानं भिजलो. काटकसर करतात का?

लोडशीट_निवृत्त
मंगळवार, दुपारी 12:10

केबिनच्या एसीसाठी लागणारी दाबाची हवा बऱ्याच विमानांत इंजिनातूनच काढतात. ती काढली की तेवढा जोर कमी मिळतो. उन्हाळ्यात, आखूड धावपट्टीवर, चार्टच्या कडेला वजन आलं असेल तर पायलट टेकऑफपुरता तो बंद ठेवतात आणि इंजिनाचा जोर उतरवल्यावर परत लावतात. तेवढ्यात काही शे किलो, कधी टनभरही जादा नेता येतं. त्या दिवशी एसी चालू ठेवला असता तर तुमच्यातले आठ-दहा जण, नाहीतर त्यांच्या बॅगा, खाली राहिल्या असत्या. तुमचा नंबर त्यात होता की नाही ते मला लोडशीट बघूनच सांगता येईल.